कॅनडाचं बजेट दोन मतांनी तरलं. आता कात्री लावायची तर नेमकी कुठे?

रिडोकाठ | १८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.१०

काल संध्याकाळी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बजेट १७० विरुद्ध १६८ असं मंजूर झालं. पडलं असतं तर एका वर्षाच्या आत दुसरी निवडणूक लागली असती. ग्रीन पक्षाच्या एलिझाबेथ मे यांनी बाजूने मत दिलं, डाव्या विचारांच्या एनडीपीचे दोन आणि प्रमुख विरोधी कॉन्झर्व्हेटिव्हांचे दोन खासदार मतदानात उतरलेच नाहीत, म्हणून लिबरलांचं अल्पमतातलं सरकार टिकलं.

मी राजधानी ओटावात बारहेवनला राहते. आमचा मतदारसंघ नेपियन, म्हणजे खुद्द पंतप्रधान मार्क कार्नींचा. शेजारचा कार्लटन, जिथे कॉन्झर्व्हेटिव्हांचे नेते पिएर पॉलिएव्ह वीस वर्षांची जागा हरले आणि जिथे ९१ उमेदवारांमुळे मतपत्रिका जवळपास मीटरभर लांब झाली होती. एप्रिलमधलं मत हे माझं या देशातलं पहिलं मत. भारतीय पासपोर्ट जमा करून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गुड फ्रायडेला आगाऊ मतदानाच्या रांगेत उभी राहिले, पडद्याआड जाऊन पेन्सिलीने गोलात फुली मारली आणि बाहेर आले. बोटाला शाई लागली नाही, तेवढं मात्र चुकल्यासारखं वाटलं. सांगलीला आईला फोन केला तर तिने पहिलं तेच विचारलं, शाई दाखव.

आता मूळ मुद्दा. माझा नवरा तीन वर्षं एका फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यात टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीवर होता. सप्टेंबरमध्ये कळलं की मुदत वाढणार नाही. फेडरल नोकरांची संख्या २०२३-२४ मध्ये सुमारे ३ लाख ६८ हजार होती, ती २०२८-२९ पर्यंत ३ लाख ३० हजारांवर आणायची असं बजेटमध्ये छापलंय. त्या आकड्यात आमचं घर आहे. पण रडगाणं गायला हा धागा काढलेला नाही. मला समजून घ्यायचंय.

दोन आठवडे रोज रात्री बजेटचं पुस्तक वाचतेय. यंदा जमा ५०७ अब्ज डॉलरच्या आसपास, खर्च ५८५ च्या वर, तूट ७८.३ अब्ज. मागच्या डिसेंबरात याच वर्षासाठी ४२.२ अब्जांचा अंदाज होता. खर्चाचे मोठे गठ्ठे बघा: ज्येष्ठांच्या पेन्शनला ८० अब्जांच्या वर, आरोग्यासाठी प्रांतांना ५४.७ अब्ज, कर्जावरचं व्याज ५५.६ अब्ज. हे तीनच मिळून एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा होतो.

परवा मंडळाच्या दिवाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी "उधळपट्टी थांबवा" होतं. थांबवा म्हणजे काय थांबवा? कृपया पक्षाचं नाव न घेता खर्चाचं नाव घेऊन सांगा. तुम्ही अर्थमंत्री शॅम्पेन यांच्या जागी असता तर कशावर कात्री चालवली असती?

---

चिनूकवारा | १८ नोव्हेंबर, रात्री १०.०२

रिडोताई, नवऱ्याच्या नोकरीचं वाचून वाईट वाटलं. पण विचारलंच आहे तर स्पष्ट लिहितो. कॅल्गरीत राहतो, कॉन्झर्व्हेटिव्हांना मत दिलं, तेही विचार करून.

२०१५ मध्ये फेडरल नोकर २ लाख ५७ हजार होते. नऊ वर्षांत त्यात लाखभराहून जास्त भर पडली. त्या प्रमाणात काय सुधारलं? पासपोर्टच्या रांगा आपण २०२२ मध्ये पाहिल्या. वर सल्लागार कंपन्यांना कंत्राटं ती वेगळीच. अराइव्हकॅन हे कोविडच्या काळात देशात येताना माहिती भरायचं साधं ॲप, त्यावर अंदाजे ५९.५ दशलक्ष डॉलर गेले. अंदाजे हा शब्द ऑडिटर जनरल कॅरन होगन यांचा, कारण नेमका खर्च काढता येईल एवढी कागदपत्रंच सापडली नाहीत. माझ्या दुकानात मी दहा डॉलरचा हिशेब ठेवला नाही तर कर खातं मला उभं करेल.

तुम्ही व्याजाचा आकडा दिलात, तो आरोग्याच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. या देशाचं सरकार प्रांतांना दवाखान्यांसाठी जेवढं देतं त्याहून जास्त जुन्या कर्जाच्या व्याजापोटी देतं. आजोबांनी ऋण काढून सण केला आणि नातू सावकाराच्या दारात, अशी गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी त्या नातीचा बाप म्हणून बोलतोय.

आणखी एक. इक्वलायझेशन म्हणजे कमी कमाईच्या प्रांतांना फेडरल सरकार देतं तो पैसा. अल्बर्टाला १९६४-६५ नंतर त्याचा एक डॉलर मिळालेला नाही. यंदा एकूण वाटप २६.२ अब्ज, त्यातले १३.६ क्वेबेकला. इथला राग कुठून येतो हे पूर्वेकडच्यांनी समजून घ्यायला हवं.

---

निंबोणी | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

मी मिल्टनला राहते. दोन मुलं, धाकटा अडीच वर्षांचा.

मोठीच्या वेळी पाळणाघराला महिना १,४०० डॉलर भरत होते. पगारातून ते गेले की प्रवासाचे पैसे आणि थकवा एवढंच उरायचं. सासूबाई सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या व्हिसावर, येऊन सांभाळून गेल्या, म्हणून नोकरी टिकली. आता फेडरल करारामुळे ओंटारिओत दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर. धाकट्याचे महिन्याला ४५० च्या आत बसतात. मी पूर्णवेळ कामावर आहे आणि पूर्ण कर भरते.

हा पैसा बजेटात खर्चाच्या रकान्यात दिसतो. मी कमावून भरलेला कर जमेच्या रकान्यात इतर लाखोंच्या करात मिसळून जातो, तो कोणाला वेगळा दिसत नाही. कात्री लावणाऱ्यांनी हे दोन्ही रकाने शेजारी ठेवावेत एवढंच म्हणणं.

आणि जागा मिळणं अजून महाकठीण आहे, हेही लिहायला हवं. माझ्या मैत्रिणीचं नाव तीन यादींत आहे, बाळ वर्षाचं होत आलं.

---

जायफळ | १८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

मी अजून पीआर, म्हणजे कायम रहिवासी आहे, नागरिक नाही, त्यामुळे मत नाही. वाचतोय मात्र सगळं. आम्हाला या सगळ्यात काही करता येतं का?

---

रिडोकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

जायफळ, येतं. पीआर असताना पक्षाचं सभासद होता येतं आणि देणगीही देता येते. २०२५ साठी एका पक्षाला वर्षाला १,७५० डॉलरपर्यंत. पहिल्या ४०० डॉलरवर ७५ टक्के कर सवलत मिळते, म्हणजे ४०० दिलेत तर ३०० परत. कंपन्या आणि कामगार संघटनांना मात्र फेडरल पक्षांना देणगी द्यायला २००७ पासून पूर्ण बंदी आहे. भारतातून आलेल्या माणसाला हे सांगितलं की खरं वाटत नाही. प्रचाराला दारोदार फिरायला तर काहीच लागत नाही. मी स्वतः पीआर असताना दोन वेळा फिरले आहे.

---

रानवाट | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

कापायचं तर पहिलं निर्वासितांना मिळणारं कापा. चाळीस वर्षं राबलेल्या म्हाताऱ्यांपेक्षा त्यांना जास्त महिना मिळतो. आमच्या ग्रुपवर सगळा तक्ता आला होता.

---

मोगरा७४ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

रानवाट, तो तक्ता मी ईमेलच्या जमान्यापासून पाहतोय. पूर्वी इंग्रजीत यायचा, आता मराठीत येतो एवढाच फरक. त्यात निर्वासिताला सुरुवातीला घर मांडायला एकदाच मिळणारी रक्कम महिन्याची म्हणून दाखवलेली असते. कृपया पुढे पाठवू नका. त्या यादीत उद्या आपलीही नावं घालतील.

पेन्शनचं मात्र मला बोलायचंय, कारण ते मी घेतो. १९७४ मध्ये टोरोंटोला आलो, स्कारबरोला आयुष्य गेलं. वय ७८.

ओएएस, म्हणजे सरकारकडून ज्येष्ठांना मिळणारी पेन्शन, तिचा नियम असा. अठरा वर्षांनंतर कॅनडात किमान १० वर्षं राहायला हवं, पूर्ण रकमेसाठी ४०. पूर्ण रक्कम सध्या ७४० डॉलरच्या आसपास, ७५ नंतर १० टक्के जास्त. यासाठी कोणी वर्गणी भरलेली नसते. सीपीपी, म्हणजे नोकरीत वर्गणी भरून मिळणारी पेन्शन, तिचा वेगळा निधी असतो, ओएएस थेट चालू करांतून जातं. म्हणजे निंबोणीच्या आणि जायफळच्या पगारातून माझ्या खात्यात.

आता गोम इथे आहे. ओएएस परत घ्यायला सुरुवात होते ती, २०२५ साठी, वर्षाच्या ९३,४५४ डॉलर उत्पन्नानंतर, आणि ही मर्यादा माणशी आहे. नवरा ९० हजार, बायको ९० हजार, घर फिटलेलं, मुलं मार्गी लागलेली, तरी दोघांनाही पूर्ण ओएएस. अशी जोडपी मी ओळखतो, चांगली माणसं आहेत. त्यांच्या शेजारच्या तळघरात भाड्याने राहणाऱ्या पोराचं उत्पन्न ५५ हजार आणि तो यांच्यासाठी कर भरतोय. हे मला पटत नाही. मर्यादा खाली आणा आणि जोडप्याचं उत्पन्न एकत्र धरा. वाचलेल्यातला काही भाग एकट्या राहणाऱ्या गरीब बायकांना द्या, ज्यांना जीआयएस, म्हणजे गरीब ज्येष्ठांना ओएएसवर मिळणारी जादा रक्कम, धरूनही भाडं परवडत नाही. अशा आपल्या मराठी बायकाही आहेत. नवरा गेला, स्वतः कधी नोकरी केली नाही, आणि मुलांकडे मागायची लाज वाटते. त्या मंडळात कोणाला सांगत नाहीत, मला माहीत आहे.

कुठलाच पक्ष हे बोलणार नाही, कारण आमची पिढी मतदान चुकवत नाही. आधीचे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हार्पर यांनी ओएएसचं वय ६७ करायचं ठरवलं होतं, त्यांच्यानंतरचे लिबरल पंतप्रधान ट्रुडो यांनी २०१६ मध्ये ते परत ६५ केलं. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही.

---

चिनूकवारा | १९ नोव्हेंबर, सकाळी १०.०० (कॅल्गरी)

मोगराकाका, नमस्कार. तुमच्यासारखं बोलणारा तुमच्या वयाचा माणूस मला पहिल्यांदा भेटला. आमचा पक्षही हे बोलत नाही, तेवढं कबूल करतो.

---

दर्यावर्दी | १९ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

हॅलिफॅक्सहून. तुम्ही सगळे जुन्या खर्चावर बोलताय, पण यंदा जो नवा डोंगर उभा राहतोय त्याचं नाव कोणी घेतलं नाही. संरक्षण. कार्नींनी जूनमध्ये जाहीर केलं की याच वर्षी जीडीपीच्या २ टक्क्यांवर जायचं. नंतर नाटोच्या बैठकीत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचं वचन. त्यात साडेतीन टक्के थेट सैन्यावर, दीड टक्का रस्ते, बंदरं, अशा पूरक गोष्टींवर.

इथल्या गोदीत १५ रिव्हर क्लास विनाशिका बांधायच्या आहेत, आमच्या गावाला त्यावर काही दशकं काम मिळेल. मी ते काम जवळून पाहतो, म्हणून खर्चाच्या विरोधात नाही. ट्रम्प एक्कावन्नावं राज्य म्हणून हिणवत असताना आर्क्टिकची राखण दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही. पण साडेतीन टक्के म्हणजे पेन्शनएवढा दुसरा गठ्ठा दरवर्षी. तो कर वाढवून येणार, कर्जाने येणार, की निंबोणीच्या पाळणाघरातून? हे निवडणुकीत एकाही सभेत मी ऐकलं नाही.

---

निंबोणी | १९ नोव्हेंबर, दुपारी १.१०

+१ दर्यावर्दी. करांचं कोणी बोलतच नाही. जुलैपासून आयकराच्या खालच्या टप्प्याचा दर १५ वरून १४ टक्के केला, तो निर्णय एकमुखाने गोड लागला. जीएसटी २००६ मध्ये ७ चा ६ झाला, २००८ मध्ये ५. आज त्यातला एकेक टक्का साधारण १० अब्ज डॉलरचा आहे. तूट वाढली की ती फक्त खर्चाने वाढली असं धरून चालतो आपण.

---

चिनूकवारा | १९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

कर वाढवा म्हणणं सोपं आहे. माझ्या दुकानाचं भाडं, वीज, विमा, सगळं वाढलंय. इंधनावरचा कार्बन चार्ज एप्रिलपासून शून्य झाला तेव्हा पंपावर पहिल्यांदा श्वास घेतला.

---

निंबोणी | १९ नोव्हेंबर, दुपारी १.४२

आणि त्याचा रिबेटही एप्रिलनंतर थांबला, दादा. आम्हा चौघांना त्यातून भरलेल्यापेक्षा जास्त परत येत होतं. पंपावरचा आकडा डोळ्यांना दिसतो, खात्यात गुपचूप जमा झालेला दिसत नाही. माझ्या घरातही मलाच तो समजावून सांगावा लागला होता.

---

मोगरा७४ | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

सकाळी एक गोष्ट लिहायची राहिली. १९९५.

फेब्रुवारी १९९५ मध्ये तेव्हाचे लिबरल अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी जे बजेट मांडलं ते ज्यांनी अनुभवलं त्यांना "कात्री" शब्दाचा अर्थ विचारा. तेव्हा जमा होणाऱ्या दर डॉलरमधले ३५ सेंटच्या आसपास व्याजात जायचे. आज ११ सेंट. तेव्हा खरंच पाणी नाकापर्यंत आलं होतं. मार्टिन यांनी ४५ हजार फेडरल नोकऱ्या कमी केल्या आणि प्रांतांना जाणारे आरोग्य, शिक्षण, कल्याण यांचे पैसे एका पाकिटात घालून ते पाकीटच बारीक केलं. १९९७-९८ मध्ये तूट संपली. लिबरल आजही ते अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान काही अंशी रास्त आहे.

पण ओटावाने जे टाकलं ते प्रांतांच्या अंगावर पडलं. ओंटारिओत त्याच वर्षी हॅरिस सरकार आलं, त्यांनी इस्पितळं बंद केली, एकत्र केली, परिचारिकांना घरी पाठवलं. माझी बायको परिचारिका होती. तिच्या मजल्यावरच्या अर्ध्या मुली दोन वर्षांत अमेरिकेला गेल्या, त्यांतल्या बऱ्याच परत आल्याच नाहीत. फेडरल खात्यावर तूट शून्य झाली आणि तिच्या वॉर्डात रात्रपाळीला दोघींच्या जागी एकटी उरली. दोन्ही एकाच निर्णयाचे भाग होते, पण वर्तमानपत्रात ते वेगवेगळ्या पानांवर यायचे.

म्हणून माझं म्हणणं, कापा, पण खालच्याच्या डोक्यावर ढकलून "आम्ही काटकसर केली" असं म्हणू नका. यंदा आरोग्याच्या ५४.७ अब्जांना हात लावलेला नाही, ही मला या बजेटातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

---

रानवाट | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

काका, तो तक्ता मी ग्रुपवरून काढून टाकला. चुकीचा आहे असं लिहिलंही.

मागच्या हिवाळ्यात वडिलांना घेऊन इमर्जन्सीत अकरा तास बसलो होतो. तेव्हापासून डोक्यात राग आहे. त्याचा दोष कोणाचा, फेडरलचा की प्रांताचा?

---

रिडोकाठ | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

रानवाट, वडील बरे आहेत ना आता?

इस्पितळं चालवणं प्रांताचं काम. फेडरल सरकार पैसे देतं आणि कॅनडा हेल्थ ॲक्टच्या अटी घालतं. पैसे अपुरे असतील तर दोष ओटावाचा, आलेले पैसे कुठे लावले याचा दोष प्रांताचा. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. प्रांताच्या निवडणुकीला आपल्यातले किती जण जातात? ओंटारिओत फेब्रुवारीत झाली तेव्हा निम्मे मतदारही गेले नाहीत. एप्रिलच्या फेडरलला मात्र सत्तर टक्क्यांच्या जवळ गेले. ज्या सरकारच्या हातात इमर्जन्सी आहे त्यालाच आपण कमी विचारतो.

चिनूकवारा, इक्वलायझेशनचं एक राहिलं. अल्बर्टाचं सरकार क्वेबेकला चेक पाठवत नाही. पैसा जातो तो फेडरल करांतून, जो बारहेवनमधून माझाही जातो. अल्बर्टात कमाई जास्त, म्हणून तिथून कर जास्त. सूत्र बदलावं असं तुम्हाला वाटतं तर त्यावर जरूर बोलू, तुमच्या रागाला मी खोटं म्हणत नाही. पण पैसा कोणत्या वाटेने जातो ते सगळ्यांना ठाऊक असू दे.

आणि एक गोष्ट या बजेटात नवीन आहे. आपल्याला भारतात महसुली आणि भांडवली खर्च वेगळा पाहायची सवय आहे, इथे ते आत्ता सुरू झालं. सरकार म्हणतं २०२८-२९ पर्यंत रोजचा खर्च जमेत भागवू, कर्ज फक्त उभारणीसाठी काढू. कल्पना मला आवडली. पण सरकारचे आकडे स्वतंत्रपणे तपासणाऱ्या पार्लमेंटरी बजेट ऑफिसरनी सांगितलंय की "उभारणी"ची व्याख्या फार सैल केली आहे, कंपन्यांच्या कर सवलतीही त्यात बसवल्या आहेत. घराचा हप्ता आणि किराणा एकाच वहीत "गुंतवणूक" म्हणून लिहिला तर वही सुंदर दिसेल. हे ऑफिस नसतं तर मला हे कळलंच नसतं. त्यावर होणाऱ्या खर्चाला कोणी कात्री लावायला निघालं तर मी रस्त्यावर उतरेन.

---

दर्यावर्दी | १९ नोव्हेंबर, रात्री ८.१५

मतांचा विषय निघाला म्हणून. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा देशभरात कॉन्झर्व्हेटिव्हांना मतं जास्त पडली आणि सरकार लिबरलांचं आलं. यंदा एनडीपीला सहा टक्क्यांच्या वर मतं आणि ३४३ पैकी सात जागा. क्वेबेकपुरत्या लढणाऱ्या ब्लॉक पक्षाला जवळपास तेवढीच मतं, पण ती एकाच प्रांतात एकवटलेली, म्हणून २२ जागा. लोकसभेचीही हीच पद्धत, मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, त्यामुळे आपल्याला यात वावगं वाटत नाही. २०१५ ची निवडणूक या पद्धतीची शेवटची, असं वचन ट्रुडो यांनी दिलं आणि २०१७ मध्ये सोडून दिलं. माझ्या मते त्या एका वचनभंगाने तरुणांचा जेवढा विश्वास गेला तेवढा कुठल्याही तुटीने गेला नाही.

आणि तरीही मत वाया जातं असं म्हणणाऱ्यांनी एप्रिलमधला क्वेबेकचा टेरबोन मतदारसंघ आठवा. फेरमोजणीनंतर फरक एका मताचा.

---

चिनूकवारा | १९ नोव्हेंबर, रात्री ९.००

इक्वलायझेशनची दुरुस्ती मान्य. सूत्रावर वेगळा धागा काढतो, तिथे या.

रिडोताईंनी खर्चाचं नाव मागितलं होतं आणि मी नुसती नोकरसंख्या दिली. आज दुकानात दिवसभर विचार केला. माझी नावं: बाहेरच्या सल्लागारांची कंत्राटं आधी, माणसं नंतर. ज्याला टर्मवर घेतलंय आणि ज्याचं काम खरंच लागतं त्याला काढून तेच काम कंत्राटदाराला दुप्पट दराने द्यायचं, ही काटकसर नाही. आणि मोगराकाकांची ओएएस मर्यादा. माझ्या सासऱ्यांना ते आवडणार नाही, तरी लिहितो.

---

रिडोकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

चिनूकवारा, मनापासून आभार. हा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, त्यांना सांग पुढच्या वेळी कॅल्गरीला आलो की दुकानात येईन.

---

मोगरा७४ | २० नोव्हेंबर, सकाळी ८.५०

काल रात्री ओएएसच्या मर्यादेवर माझ्या खासदाराला पत्र लिहिलं, दीड पान, हाताने. हाऊस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर खासदाराला पत्र पाठवायला तिकीट लावावं लागत नाही, हे नव्या लोकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. माझ्यासारखे ओएएस घेणारे आणखी कोणी इथे असतील आणि हा विचार पटत असेल, तर तुमच्या शब्दांत तुमच्या खासदाराला लिहा. नव्वद हजारांची माणसं स्वतःहून मागतायत म्हटल्यावर ते निदान उघडून वाचतील.

जायफळ, तुमचं नागरिकत्व कधी होतंय?

---

जायफळ | २० नोव्हेंबर, सकाळी ९.२५

अर्ज गेलाय काका. परीक्षेची तारीख यायची आहे.